मानाची जोडी

माझे वडील गावचे पाटील. होते म्हणावं की आहेत म्हणावं, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. कागदावरची पाटीलकी ते शाळेत होते तेव्हाच संपली. वसुलीचं काम पटवाऱ्याकडे गेलं आणि सरकारच्या दृष्टीनं आमचं घर इतर घरांसारखं झालं. पण गावानं काही मान काढून घेतला नाही आणि बाबूजींनी तो परत केला नाही. सौंसरहून बोरगावच्या अंगाला जाताना संत्र्याच्या बागा संपून पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, सुरू होते तिथं आमचं गाव. तिथं अजूनही लग्नाची पहिली पत्रिका गणपतीला आणि दुसरी आमच्या घरी येते. बाबूजी बसल्याशिवाय पंगतीत वाढप होत नसे. एकदा ते लोधीखेड्याला दाताच्या डॉक्टरकडे अडकले, तर अख्खी वरात दोन तास वरण थंड होताना पाहत बसली. लोक याला मान म्हणतात. मी त्या पंगतीत उपाशी बसलो होतो, त्यामुळे माझं मत थोडं वेगळं आहे.

या पाटीलकीवर बाबूजींनी राजकारणाचं कलम बांधलं. पाच वर्षं जनपदचे, म्हणजे तालुक्याच्या पंचायतीचे, अध्यक्ष होते. विधायकीला, म्हणजे आमदारकीला, दोनदा उभे राहिले आणि दोनदा पडले. दोन्ही वेळा निकालाच्या संध्याकाळी सौंसरहून घरी येऊन त्यांनी हातपाय धुतले, जेवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ओसरीवर खुर्ची टाकून बसले. कारण माणसं यायचीच. कुणाचा विजेचा खांब वाकलेला, कुणाच्या पोराचा दाखला अडलेला, कुणाचं बांधावरून भांडण. बाबूजी सगळ्यांचं शांतपणे ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, "बघू." या एका शब्दावर त्यांनी चाळीस वर्षं काढली. माणूस 'बघू' घेऊन असा समाधानानं जायचा, जसं काम झालंच. काही कामं खरंच व्हायची. बाकीच्या कामांची माणसं पुन्हा यायची आणि आईला पुन्हा चहा टाकावा लागायचा. तिचं निम्मं आयुष्य त्या चुलीपुढे गेलं. शेवटच्या आजारपणात ती मला म्हणाली होती की, आता कुणी आलं तर चहा सांगू नको. मी हो म्हटलं. त्याच दुपारी चौदा कप चहा झाला.

या सगळ्याचा मला लवकर कंटाळा आला. मी पांढुर्ण्याला मास्तर झालो. पाटीलकीपासून बसनं दीड तास लांब, एवढाच त्या नोकरीचा मोठा गुण. पण बाप असा दीड तासावर ठेवता येत नाही. आई गेली, मग आठ वर्षांपूर्वी बाबूजींचे डोळे काचबिंदूनं गेले. आता त्यांना उजेड कळतो, समोर कुणी उभं आहे एवढं कळतं, चेहरा कळत नाही. मी त्यांना पांढुर्ण्याला आणलं. आमच्या गल्लीत त्यांना कुणी पाटील म्हणत नाही, अध्यक्षजी म्हणत नाही. सगळे आजोबा म्हणतात. पहिल्यांदा त्यांना आजोबा म्हटलं तेव्हा त्यांनी मागं वळून पाहिलं, आपल्यामागं कोण आजोबा उभा आहे म्हणून.

तरी त्यांचं राजकारण थांबलं नाही. शाळेतून आलो की मला समोर बसवून ते अर्ज सांगायचे. गावच्या मसणवटीचा रस्ता, सौंसरची सकाळची बस, नाल्यावरचा रपटा, म्हणजे ठेंगणा पूल. पूर्वी हे अर्ज छिंदवाड्याला जायचे, म्हणजे टपालात टाकले की माझी सुटका व्हायची. पांढुर्णा जिल्हा झाला आणि कलेक्टरसाहेब घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आले. तेव्हापासून अर्ज मलाच नेऊन द्यावा लागतो. पोच आणली नाही तर बाबूजी रात्री जेवताना एक घास कमी खातात.

वर्षातून एकच दिवस ते पुन्हा पाटील व्हायचे. पोळ्याचा.

आमच्याकडे पोळ्याला गावातल्या सगळ्या जोड्या आखरावर, म्हणजे गावाबाहेरच्या मोकळ्या जागेवर, रांगेनं उभ्या राहतात. वर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं असतं. पहिली जोडी पाटलाची. तिच्यातल्या मोठ्या बैलाच्या शिंगांना मखर बांधतात, त्यावरून ती लांबून ओळखू येते. ती जागेवर आल्याशिवाय कुणी हलत नाही. पाटील काठीनं तोरण तोडतो आणि पोळा फुटतो. मग बैल घरोघर जातात. घरची बाई त्यांचे पाय धुते, कुंकू लावते, पुरणपोळी भरवते. वर्षभर राबणाऱ्या जनावराला त्या दिवशी घरच्या बाईच्या हातचा घास, असा तो सण आहे.

बाबूजींना डोळ्यांसाठी नागपूरला ठेवलं होतं तेव्हा मी आमची जोडी विकली. शेती बटईनं, पिकाच्या वाट्यावर, दिली होती, बैलांना सांभाळायला कुणी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर बैलांसाठी दर रविवारी गावी जायचा मला कंटाळा आला होता. बाबूजींना मी ते सांगितलं नाही. सांगू सांगू म्हणता पोळा आला. दोन दिवस आधी ते म्हणाले, जोडी धुवायला सांग. आता आली का पंचाईत.

मी आमच्या जुन्या सालदाराकडे, म्हणजे वर्षाच्या करारावर राबलेल्या गड्याकडे, गेलो. चाळीस वर्षं त्यानं आमच्याकडे साल केलं होतं. मी त्याच्या खांद्यावर बसून पोळा पाहिलेला. त्याच्या दोन वर्षं आधी साल सोडून तो स्वतःच्या पाच एकरांत राबायला लागला होता आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं स्वतःची जोडी घेतली होती. मी म्हटलं, काका, एका दिवसापुरती तुमची जोडी आमची म्हणून उभी करा, बाबूजींच्या जिवाला लागेल. तो खूप वेळ बैलांच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, न्या.

एका दिवसापुरती, असं मी म्हणालो होतो. ती आठ वर्षं झाली. दर पोळ्याला आम्ही सौंसरपर्यंत बसनं आणि पुढं ऑटोनं जायचो, बंद घर उघडून झाडायचो. दुपारी काका जोडी घेऊन यायचा. बाबूजी चाचपडत उठून बैलांच्या गळ्याखाली खाजवायचे, आमच्या विकलेल्या बैलांच्या नावांनी हाक मारायचे. काका माळ्यावरचं मखर काढून आपल्याच बैलाच्या शिंगांना बांधायचा आणि कासरा धरून पाटलाचा सालदार म्हणून आखरावर जायचा. त्या एका दिवसासाठी तो पुन्हा आमचा नोकर व्हायचा. तोरण तुटलं की जोडी आमच्या दारी यायची. माझी बायको पाय धुवायची, पुरणपोळी भरवायची. मग बैल त्याच्या घरी जायचे. गावात हे सगळ्यांना माहीत होतं आणि आंधळ्या पाटलासमोर कुणी बोलत नव्हतं. मी मनात म्हणायचो, चला, एक वर्ष निभलं. पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी.

यंदा पोळ्याच्या आठ दिवस आधी मला सौंसरच्या बस स्टँडवर सालदाराची बायको भेटली. काकू दवाखान्यातून आली होती, हातात औषधांची पिशवी. मी विचारपूस केली. तिची बस लागली होती, तरी ती चढेना. मग खाली पाहत म्हणाली, "भाऊ, एक सांगू का? आठ वर्सं झाले, पोयाच्या दिवशी माह्या बैलायनं माह्या हातचं खाल्लं नाही. तुमच्या इथून पोट भरून येते. मी पोयी समोर धरते तं तोंड फिरवून घेते."

आठ वर्षांत एकदाही माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं. पोळ्याच्या दिवशी कुणी कुणाला बैल देत नाही, हे काय मला माहीत नव्हतं? पण मला वाटायचं, बैल मागितले, परत केले, संपलं. आमच्या दारी आरती होत असताना ही बाई पाटावर पाण्याचा तांब्या ठेवून आपल्या दारात बसून असायची, हे मी कधी पाहिलंच नाही.

"दिवाळीनंतर पोरगा जोडी इकून राहिला," ती पुढं म्हणाली. "ट्रॅक्टर घेतो म्हणते. हा आखरीचा पोया आहे. यंदा आधी माह्या दारी येऊ द्या, एवढंच म्हणून राहिली मी. तुमच्या काकायले सांगू नका. थे तं मले बोलूच नाही देत."

आणि मी तिला म्हणालो, "बघू काकू."

बस निघून गेल्यावर मला माझाच शब्द ऐकू आला. चाळीस वर्षं ज्या शब्दाचा मी राग राग केला तो माझ्या तोंडातून इतका सहज निघाला की मला तिथंच बाकावर बसावंसं वाटलं. पाटीलकी मी घेतली नाही, निवडणूक मी लढलो नाही, पण हे मात्र वारशानं बिनबोभाट मिळालं.

पांढुर्ण्याला आल्यावर सहा दिवस माझी हिंमत झाली नाही. रोज ठरवायचो आणि रोज बाबूजी कुठला तरी अर्ज काढायचे. बायकोला सगळं सांगितलं तेव्हा तिनं आपल्या हातांकडे पाहिलं. भरवलं तर तिच्याच हातांनी होतं. मग म्हणाली की, तुम्ही सांगत नसाल तर मी सांगते, मला तिथं पुन्हा ताट धरून उभं राहायचं नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी बाबूजी बशीत चहा ओतून घेत होते तेव्हा मी एका दमात बोलून टाकलं. जोडी आपली नाही, आपली मी विकली, ही काकाची आहे.

बाबूजींनी चहा संपवला, बशी चाचपून खाली ठेवली.

"मले माहीत आहे," ते म्हणाले. "पहिल्याच वर्सी कळलं. आपल्या डाव्याचं शिंग बुडाशी चिरलेलं होतं. याचं हाताले गुळगुळीत लागलं."

मला राग आला. आठ वर्षं मी चोरासारखा वागलो आणि यांना पहिल्याच वर्षी माहीत होतं. मी विचारलं, मग बोलले काहून नाही?

"बोललो असतो तं आखरावर काय म्हणून गेलो असतो?" ते म्हणाले. "इथं मी कोण आहे? आजोबा आहे. तो एक दिवस राहिला होता रे. तुम्ही दोघं लपवून राहिले होते, मी म्हटलं लपवू द्या."

त्यांचा आवाज इतका साधा होता की माझा राग कुठं ठेवावा ते मला कळेना. दोन पडलेल्या निवडणुकांनंतरही मी त्यांना असं बोलताना ऐकलं नव्हतं. मग मी काकूचं सांगितलं. तिच्या हातचं बैल खात नाहीत, आणि हा शेवटचा पोळा आहे, हे. ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी रिकामी बशी पुन्हा चाचपली. मग ते म्हणाले, "बघू."

"आता बघू नाही, बाबूजी," मी म्हटलं. "हो का नाही, ते सांगा." छप्पन्न वर्षांच्या आयुष्यात मी त्यांना असं पहिल्यांदा बोललो. ते उठले, भिंत धरून आंघोळीला गेले आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. त्या दिवशी अर्जही सांगितला नाही.

पोळ्याच्या दिवशी गाडीला ही गर्दी. दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार, म्हणजे दगडफेकीची जत्रा, असल्यानं निम्मं गाव येत होतं आणि निम्मं जात होतं. बाबूजींना आणि बायकोला जागा मिळाली, मी सौंसरपर्यंत उभा. त्यांनी धुतलेला सदरा आणि जुना कोट घातला होता. ते हो म्हणाले नव्हते, नाही म्हणाले नव्हते. मला नुसतं दमल्यासारखं झालं होतं. वाटत होतं, काय व्हायचं ते होवो आणि संध्याकाळच्या बसनं घरी जाऊन झोपावं.

दुपारी काका जोडी घेऊन आला. बैल धुतलेले, अंगावर ठसे, गळ्यात नव्या घुंगरमाळा. तो नेहमीप्रमाणे मखर काढायला माळ्याच्या शिडीकडे वळला. ओसरीवरून बाबूजी म्हणाले, मखर राहू दे. जोडी आज तुह्या नावानं उभी कर.

काका शिडीजवळच थांबला. आनंद झाला असेल असं मला वाटलं होतं, पण तो घाबरला होता. "पाटील, मंग मी कोठी उभा राहू?" त्यानं विचारलं. आणि ते खरंच होतं. आखरावरच्या रांगेत प्रत्येक घराची जागा ठरलेली आहे. सालदार तिथं जन्मभर दुसऱ्याचे बैल धरून उभा राहिलेला, त्याच्या घराला जागाच नव्हती. बाबूजी म्हणाले, जिथं तुले वाटन तिथं. काका आपली जोडी घेऊन गेला आणि सगळ्यात शेवटी, बाभळीजवळ उभा राहिला.

आम्ही आखरावर पोचलो तेव्हा सगळ्या जोड्या लागल्या होत्या, पहिली जागा तेवढी मोकळी. कुणी ती घेत नव्हतं. दोन जोड्या मावतील एवढी ती जागा सोडून रांग उभी होती आणि सगळे आमच्याकडे बघत होते. मला लाज वाटली. खोटं बोलत होतो त्या आठ वर्षांत वाटली नाही इतकी वाटली. बाबूजींनी माझ्या दंडाला धरलं आणि विचारलं, पयली जागा मोकळी आहे का? मी हो म्हटलं. ते म्हणाले, चाल मंग. आम्ही दोघं जाऊन त्या जागेत उभे राहिलो, तोरणाखाली.

"यंदा आपणच जोडी," ते हळूच म्हणाले. "मी डावा."

मागून कुणीतरी बोललं, बिनबैलाचा पाटील. चारदोन जण हसले. बाबूजींनी ते ऐकलं, कारण माझ्या दंडावरची त्यांची पकड घट्ट झाली. मी त्यांची काठी वर धरून तोरणाला लावून दिली आणि त्यांनी जोर करून ओढलं. पहिल्यांदा तुटलं नाही. दुसऱ्यांदा तुटलं, पानं आमच्या डोक्यावर पडली, ढोल वाजले आणि पोळा फुटला. जोड्या आमच्या दोन्ही बाजूंनी निघून गेल्या. मी बाबूजींना तसाच धरून उभा होतो, त्यांना धक्का लागू नये म्हणून.

आम्ही घरी आलो तेव्हा बायको दारात होती. ताट तयार होतं. पोळ्याला दारी येईल त्या जोडीला नैवेद्य द्यायचाच असतो, त्यामुळे तिनं पुरण घातलं होतं. काकाचं घर आमच्या घरावरून पुढं, नळाच्या पलीकडे. तो जोडी घेऊन आला, आमच्यासमोरून मान खाली घालून जायला लागला. पण डावा बैल आमच्या फाटकाशी आला आणि आत वळला. उजवाही त्याच्याबरोबर वळला. आठ वर्षांची सवय. काकानं कासरा ओढायला पाहिजे होता, पण त्याचा हात ढिला पडला. पाटलाच्या दारातून बैल ओढून कसा न्यायचा, हे त्याला येत नव्हतं. बैलानं मान लांब करून ताटाचा वास घेतला. बायकोनं ताट मागं घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं.

बाबूजी खुर्चीवरून उठले. चाचपत पुढं आले, त्यांचा हात बैलाच्या कपाळाला लागला.

"इथं नाही," ते बैलाला म्हणाले. "घरी जाय. थे वाट पाहून राहिली."

बैल हलेना. मग त्यांनी काकाच्या हातातला कासरा शोधून स्वतःकडे घेतला. काका पाटील पाटील म्हणत राहिला, मी पुढं झालो, पण त्यांनी कुणालाच हात लावू दिला नाही. बैल फिरवले आणि रस्त्याला लागले. दिसत तर काहीच नव्हतं. थोडं त्यांनी बैलांना नेलं, थोडं बैलांनी त्यांना. वाटेत एक चप्पल राहिली. ओसऱ्यांवरून माणसं उठून उभी राहिली होती. मी चप्पल उचलून मागं चालत होतो आणि काका माझ्यामागं, रिकाम्या हातांनी.

काकू दारात होती. पुढं कासरा धरलेले बाबूजी पाहून तिनं डोक्यावरचा पदर ओढून घेतला. बाबूजी फाटकाच्या आत गेले नाहीत. कासरा लांब सोडून रस्त्यावरच उभे राहिले, जसा सालदार उभा राहतो. तिनं बैलांचे पाय धुतले, कुंकू लावलं. कुंकू बैलाच्या डोळ्यापर्यंत ओघळलं. मग तिनं पोळीचा तुकडा पुढं धरला आणि डाव्यानं तोंड पुढं केलं.

बाबूजी मान तिकडे करून ऐकत होते. घुंगरं वाजायची थांबली होती.

"खाऊन राहिले का रे?" त्यांनी मला विचारलं.

"हो बाबूजी," मी म्हटलं. "खाऊन राहिले."